तुमच्या घराची ‘स्टोरी’

पत्र:

मी ३६ वर्षांची आहे, लग्नाला अकरा वर्षं झाली. गेली पाच वर्षं नवऱ्याच्या पूर्ण संमतीनं माझा आणखी एक जोडीदार आहे. नवऱ्यालाही तेवढीच मोकळीक आहे, पण सध्या त्याचं कुणी नाही. तिघांची एकमेकांशी चांगली ओळख आहे, येणंजाणं आहे, लपवाछपवी नाही. आम्हाला नऊ वर्षांची मुलगी आहे. ओळखीतून एका बातमीदार मुलीनं विचारलंय की अशा नात्यांवर ती ‘पॉझिटिव्ह स्टोरी’ करतेय, तर आम्ही बोलू का. नावं बदलेल, फोटो पाठमोरे घेईल म्हणते. जोडीदार तयार आहे. नवरा म्हणतो, ‘लोकांना तमाशा कशाला दाखवायचा?’ मला वाटतं, आमच्यासारखे लोक गप्प बसतात म्हणूनच बातम्यांत दर वेळी खून, घटस्फोट नाहीतर चादरीखालून बाहेर आलेले सहा पाय दिसतात. मी मुलाखत द्यावी का? आणि नवऱ्याला कसं पटवू?

(नाव न छापण्याची विनंती)

उत्तर:

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. नवऱ्याला पटवू नका. पहिल्याचं उत्तर त्यातच आलं: ही मुलाखत आत्ता देऊ नका.

पण एवढ्यावर तुमचं पत्र बाजूला ठेवणं बरोबर नाही, कारण तुमची तक्रार रास्त आहे. मी बरीच वर्षं बातम्यांच्या डेस्कवर काढली. ही चित्रं कशी तयार होतात ते मी आतून पाहिलेलं आहे, आणि त्यात कुणाचा कट नसतो. घाई असते आणि सवय असते.

त्या सहा पायांचंच घ्या. मजकूर संध्याकाळी येतो, पान रात्री जातं. त्यात बोललेल्यांपैकी कुणी चेहरा दिलेला नसतो. मग फोटो बघणारा माणूस विकतच्या फोटोंच्या साठ्यात शोधतो आणि तिथे पांढऱ्या चादरीखालचे पायच मिळतात. लेख मुलांच्या शाळेबद्दल असो, आजारपणाबद्दल असो की घरभाड्याच्या वाटणीबद्दल, वाचकानं पहिली ओळ वाचण्याआधीच त्याला सांगितलं गेलेलं असतं की विषय बिछान्याचा आहे. अशा नात्यांत राहणारी माणसं मात्र स्वतःवर हसत सांगतात की त्यांचा निम्मा वेळ कोण कुठल्या दिवशी कुणाकडे हे कॅलेंडरमध्ये बसवण्यात जातो. कॅलेंडरचा फोटो कुणी लावत नाही.

बातमीला निमित्त लागतं, हे दुसरं. तिघं जण पाच वर्षं नीट राहताहेत, यात काही घडलेलंच नाही. त्यामुळे ही नाती बातमीत येतात ती पोलिसांकडून, एखाद्या नामांकित माणसाच्या भानगडीतून, किंवा ‘नवा ट्रेंड’ म्हणून. गुन्ह्याच्या बातमीत तर नात्याची रचनाच गुन्ह्याचं कारण होऊन बसते. नवऱ्यानं बायकोला मारलं तर ‘एकनिष्ठ विवाहातून खून’ असा मथळा मी आजवर पाहिलेला नाही. तिसरं माणूस असलं की मात्र तपास सुरू व्हायच्या आत कारण ठरलेलं असतं. शिवाय फसवून ठेवलेले संबंध, एकाच वेळी केलेली दोन लग्नं आणि सगळ्यांना माहीत असलेलं तुमच्यासारखं नातं, हे सगळं एकाच टोपलीत पडतं. पहिल्यात कुणाची तरी फसवणूक आहे, दुसरं बहुतेक देशांत गुन्हा आहे, आणि तिसऱ्यात यांपैकी काहीच नाही. हा फरक सांगायला एक वाक्य पुरतं, पण जागा कमी पडली की नेमकं तेच कापलं जातं.

भानगडीच्या बातम्यांत थोडं थांबायला हवं, कारण तिथे माध्यमांची बाजू पूर्ण चुकीची नसते. नोव्हेंबर २०२२ मध्ये एफटीएक्स हे क्रिप्टो एक्स्चेंज, म्हणजे आभासी चलनांच्या खरेदीविक्रीचा बाजार, कोसळलं. मुळात प्रश्न ग्राहकांच्या पैशांचा होता. पण कंपनीची वरची मंडळी बहामामध्ये एका घरात राहत होती, त्यांच्यातल्या काहींचे आपसांत संबंध होते किंवा पूर्वी होते हे छापून आलं, आणि मग कित्येक दिवस ‘पॉलिक्यूल’ची, म्हणजे एकमेकांत गुंतलेल्या अनेक जोडीदारांच्या जाळ्याची, चर्चा ताळेबंदापेक्षा जास्त रंगली. आता, एक्स्चेंज चालवणारा आणि त्याच्याशी व्यवहार करणारी कंपनी चालवणारी यांचं खाजगी नातं असेल तर ते छापलंच पाहिजे. हितसंबंधांचा प्रश्न आहे तो. घरातल्या बाकीच्यांपैकी कोण कुणाबरोबर, याचा बुडालेल्या पैशांशी काय संबंध होता, हे मला आजही कुणी सांगू शकलेलं नाही.

अमेरिकी काँग्रेसच्या सदस्य केटी हिल यांचं प्रकरण याहून अवघड. त्यांचं आणि त्यांच्या तेव्हाच्या नवऱ्याचं, त्यांच्याच प्रचारमोहिमेत काम करणाऱ्या एका तरुणीशी नातं होतं. वरिष्ठानं हाताखालच्या माणसाशी असं नातं ठेवणं ही खरी बातमी होती, आणि ते नातं गैर होतं हे हिल यांनीही मान्य केलं. पण लोकांपुढे गेले ते त्यांच्या संमतीशिवाय छापलेले खाजगी फोटो, आणि ‘थ्रपल’, म्हणजे तिघांचं जोडपं, हा शब्द. ऑक्टोबर २०१९ मध्ये त्यांनी राजीनामा जाहीर केला. पुढे त्यांनी दावा लावला तेव्हा २०२१ मध्ये न्यायालयानं छापणाऱ्यांच्या बाजूनं कौल दिला: लोकप्रतिनिधीच्या वागणुकीत जनतेला रस असणं साहजिक आहे, असा त्याचा आशय. तुम्ही लोकप्रतिनिधी नाही. तरीही एकदा बाहेर गेलेला फोटो परत आणता येत नाही, एवढं त्यातून तुम्हीही घेऊ शकता.

‘नवा ट्रेंड’ हा प्रकार मला सगळ्यात मजेशीर वाटतो. १९७२ साली अमेरिकेत खुल्या विवाहावरचं एक पुस्तक तडाखेबंद खपलं आणि वर्तमानपत्रांनी विवाहसंस्थेचं भवितव्य सांगून टाकलं. १९९९ मध्ये ‘टाइम’नं बहुप्रेमी, म्हणजे सगळ्यांच्या संमतीनं एकाहून जास्त प्रेमाची नाती असलेल्या, घरांवर लेख केला. २००९ मध्ये ‘न्यूजवीक’नं विचारलं, ही पुढची लैंगिक क्रांती आहे का? २०१७ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या मासिकानं खुल्या लग्नांवर मोठा लेख छापला, आणि २०२४ च्या जानेवारीत तर अमेरिकेतल्या निम्म्या नावाजलेल्या नियतकालिकांनी एकाच सुमारास हा विषय ‘शोधून काढला’. पन्नास वर्षं जी गोष्ट दर काही वर्षांनी नव्यानं उगवते ती नवी कशी असेल? पण ‘जुनंच आहे, थोडं वाढलंय’ या वाक्यावर संपादक पान देत नाही.

आकड्यांचंही तसंच. ‘पाचातला एक जण बहुसाथी नात्यात’ हे तुम्ही कुठेतरी वाचलं असेल. मूळ अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात अमेरिकेतल्या साडेआठ हजारांहून अधिक एकट्या माणसांना, म्हणजे त्या वेळी लग्न न झालेल्या किंवा मोडलेल्यांना, विचारलं होतं: आयुष्यात कधीतरी, दोघांच्या संमतीनं, एकमेकांपुरतं मर्यादित नसलेलं नातं होतं का? पाचातल्या एकाहून थोड्या जास्त लोकांनी ‘हो’ म्हटलं. ‘आयुष्यात कधीतरी’ आणि ‘एकट्या माणसांना’ हे दोन तुकडे मथळ्यात मावत नाहीत, म्हणून ते गळतात, आणि वाचक शेजारच्या पाच घरांकडे संशयानं बघू लागतो. ‘न्यूजवीक’च्या २००९ च्या लेखात अमेरिकेत पाच लाखांहून जास्त बहुप्रेमी कुटुंबं असल्याचा आकडा होता. लेखात तो अंदाज म्हणून दिला होता, पण पुढे तो उचलणाऱ्या कित्येकांनी ‘अंदाज’ मागेच सोडला.

मग शेवटच्या परिच्छेदातला तो विवाह समुपदेशक. ‘समतोल’ म्हणून त्याला आणतात. तो सांगतो, माझ्याकडे आलेली अशी सगळी नाती मोडकळीला आलेली होती. समुपदेशकाकडे आलेली एकनिष्ठ लग्नंही मोडकळीलाच आलेली असतात, हे त्याला विचारायचं बातमीदाराला सुचत नाही. न सुचण्यामागचं कारण २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या टेरी कॉन्ली आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात दिसतं. लोकांना एकनिष्ठ आणि संमतीनं बहुसाथी, अशा जोडप्यांबद्दल मत विचारलं. नात्याशी संबंधित गुणांत एकनिष्ठ जोडपी वर येणार हे अपेक्षितच होतं. पण दातांत नियमित दोरा फिरवण्यासारख्या, नात्याशी काडीचा संबंध नसलेल्या गोष्टींतही तीच सरस ठरली. बातमीदार याच समाजात वाढतो. तुमच्याकडे येताना तो वाईट हेतू घेऊन येतो असं मुळीच नाही, पण तुमचं नातं कधी मोडणार हा प्रश्न त्याच्या खिशात असतो.

इथवर मी तुमच्याच बाजूनं बोलले. आता तुम्हाला न आवडणारं.

‘पॉझिटिव्ह स्टोरी’ ही चांगली पत्रकारिता नव्हे. तिला शिकलेलं, बऱ्यापैकी कमावणारं, नीट बोलणारं, शक्यतो आधी लग्न झालेलं आणि मग दार उघडलेलं जोडपं लागतं. तुम्ही त्या साच्यात बरोबर बसता, म्हणून तुम्हाला विचारलंय. मत्सर तोंडी लावण्यापुरता असतो, मुलं आनंदी असतात, शेवटी तिघं हसत असतात. बहुप्रेमी कुटुंबांचा आणि त्यांतल्या मुलांचा वर्षानुवर्षं मागोवा घेणाऱ्या समाजशास्त्रज्ञ एलिझाबेथ शेफ यांना ही मुलं एकंदरीत बरी वाढताना दिसली, पण स्वतःहून बोलायला तयार झालेली कुटुंबं बहुतांशी गोरी, मध्यमवर्गीय, सुशिक्षित होती, हेही त्यांनी नोंदवलं आहे. २०२५ मध्ये ३५ अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा नात्यातल्या समाधानात एकनिष्ठ आणि बहुसाथी लोकांमध्ये लक्षणीय फरक आढळला नाही. ही तुमच्यासाठी चांगली बातमी. पण २०२१ च्या एका अमेरिकी पाहणीत, बहुप्रेमी नातं कधीतरी अनुभवलेल्या एकट्या लोकांपैकी जवळपास तिसरा हिस्साच पुन्हा तसं करू म्हणाला. नीट काम करणारी बातमीदार ही दोन्ही वाक्यं शेजारी शेजारी लिहील. तुम्हाला ते चालेल का? की तुम्हाला खरं म्हणजे आपल्या बाजूची जाहिरात हवी आहे? हा टोमणा नाही. इतकी वर्षं फक्त खुनाच्या बातम्या वाचल्यावर कुणालाही तसं वाटेल.

आणि आता तुमच्या पत्रातलं ते वाक्य: ‘सध्या त्याचं कुणी नाही.’ तुम्ही ते जाता जाता लिहिलंत. मी डेस्कवर असते तर माझी नजर तिथेच थांबली असती. ‘बायकोला दोघं, नवरा मात्र एकटा’, झाला मथळा. तुमची बातमीदार कितीही समजूतदार असो, मथळा ती देत नाही. तो उपसंपादक देतो. तुम्हाला न भेटलेला, मजकूर दहा मिनिटांत वाचून संपवायचा असलेला. त्या मथळ्यानंतर तुम्ही पाच वर्षं काय सांभाळलंत याला काही अर्थ उरत नाही. वाचणाऱ्याच्या लेखी तुमचा नवरा बिचारा ठरतो, तुम्ही कोण ठरता ते तुम्हाला माहीत आहे, आणि तुमच्या जोडीदाराला मात्र त्यात फारशी झळ बसत नाही. तो तयार का आहे आणि नवरा का नाही, हे यात बरंचसं आलं. नवरा तमाशाबद्दल बोलला तेव्हा तुम्हाला तो भित्रा वाटला असेल. मला वाटतं, या बातमीत आपली भूमिका काय असेल हे त्यानं तुमच्याआधी ओळखलं.

त्याला तुम्ही विचारलंय का, सध्या कुणी नसणं त्याला कसं वाटतं? कदाचित काहीच वाटत नसेल. पण बातमीदार हा प्रश्न विचारणारच, आणि त्याचं उत्तर तुम्ही तिच्या टेपवर पहिल्यांदा ऐकू नये.

‘दोघं तयार, एक नाही’ हा हिशोब इथे लागू होत नाही. तुमचं घर ज्या एका गोष्टीवर उभं आहे ती म्हणजे कुणीही नाही म्हणू शकतो आणि त्याच्या नाहीला किंमत असते. ते बाजूला सारून जगाला संमतीची गोष्ट सांगायला निघालात तर ते विचित्र होईल. शिवाय घरात चौथं माणूसही आहे. नऊ वर्षांची मुलगी आज हो म्हणेल, पाठमोरा फोटो काढायचा म्हणून नाचेलही. ती पंधरा वर्षांची झाल्यावर तिच्या वर्गातल्या कुणीतरी तो लेख उकरून काढला तर त्याला ती संमती पुरणार नाही.

पाठमोरा फोटो आणि बदललेलं नाव यांवर फार विसंबू नका. अनोळखी माणसापासून ते तुम्हाला वाचवतात. पण तुम्हाला भीती अनोळखी माणसाची नाहीच. भीती आहे ती सासूची, वरिष्ठांची, मुलीच्या वर्गशिक्षिकेची. त्यांना वय, लग्नाची वर्षं, मुलीचं वय आणि नोकरीचं क्षेत्र एवढं मिळालं की पुरतं. तुमची केसांची क्लिप, खिडकीतला पडदा, बोलण्याची ढब, हे तर वेगळंच. आणि लेख एकाच ठिकाणी राहत नाही. दुसरे तो उचलतात, छोटा करतात, मथळा अजून तिखट करतात. मूळ बातमीदारानं तुम्हाला दिलेला शब्द त्यांना बांधत नाही.

मग करायचं काय? तिला भेटायला हरकत नाही, नवऱ्याची हरकत नसेल तर. पण छापण्यासाठी नाही, तिला विषय कळावा म्हणून. ही अट बोलायला सुरुवात करण्याआधी घालायची आणि तिच्याकडून ‘हो’ असं लेखी घ्यायचं, साध्या मेसेजवर चालेल. बोलून झाल्यावर ‘हे ऑफ द रेकॉर्ड हं’ म्हणून काही उपयोग नसतो. छापण्याआधी सगळा मजकूर दाखवा असं म्हणू नका, बहुतेक ठिकाणी ते करत नाहीत आणि करूही नये. आपल्या तोंडची वाक्यं वाचून दाखवा, हे मागणं मात्र रास्त आहे.

त्या भेटीत तिला चांगले प्रश्न द्या. २०२० च्या जूनमध्ये अमेरिकेतल्या सॉमरव्हिल शहरानं दोनपेक्षा जास्त जोडीदारांच्या सहजीवनाची नोंद मान्य केली, आणि त्याला निमित्त झालं कोविडचं. आजारी जोडीदाराला रुग्णालयात भेटायला कुणाला सोडायचं, कुणाच्या आरोग्य विम्यात कोण बसतं, हे प्रश्न अचानक खरे झाले होते. कॅनडातल्या न्यूफाउंडलँडमध्ये २०१८ साली न्यायालयानं एकाच घरातल्या तीन मोठ्या माणसांना एका बाळाचे कायदेशीर पालक मानलं. विचार झाला तो बाळाच्या हिताचा. उलट ब्राझीलमध्ये तिघांच्या सहजीवनाचे नोंदवले गेलेले करार २०१८ मध्ये वरून आदेश आल्यावर थांबले. या विषयाची बातमी अशा ठिकाणी सापडते. जोडीदार दवाखान्यात असताना तुम्ही फॉर्मवर नातं काय लिहिता? घर कुणाच्या नावावर आहे? नातं संपलं तर मुलीचा त्या माणसाशी संबंध राहणार का, आणि ते ठरवणार कोण? हे प्रश्न तिनं पाच वेगवेगळ्या घरांत नेले, त्यांतलं एखादं घर मोडलेलं असलं, एखाद्यात पैशांची चणचण असली, तर तो लेख मी पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचेन. जाता जाता तिला हेही सांगा की फोटोसाठी चादर टाळा. हे ऐकणाऱ्या बातमीदार असतात. डेस्कला आधीच दुसरं चित्र दिलं तर ते बहुतेक वेळा तेच लावतात, कारण शोधायचा त्रास वाचतो.

स्वतःला बोलायचंच असेल तर टोपणनावानं, स्वतः लिहा. त्यात काय ठेवायचं आणि काय गाळायचं हे तुमच्या हातात राहतं. आणि पुढच्या वेळी एखादी वाईट बातमी दिसली की संपादकांना चार ओळी पाठवा, पण नेमक्या. ‘तुम्ही आमचा अपमान केलात’ या पत्राचं काही होत नाही, ते मी स्वतः टेबलाखालच्या टोपलीत गेलेलं पाहिलंय. ‘तुमच्या मथळ्यात पाचातला एक जण अशा नात्यात आहे असं म्हटलंय, अभ्यासातला प्रश्न आयुष्यात कधीतरी असा होता’ हे पत्र डेस्कवर फिरतं, कारण चूक दाखवलेली कुणालाच आवडत नाही आणि दुरुस्ती छापायची तर त्याहून आवडत नाही. पुढच्या वेळी तोच उपसंपादक एकदा मूळ अभ्यास उघडून बघतो.

वर्षा-दोन वर्षांनी नवऱ्याचं मत बदललं, त्याच्या स्वतःच्या मनानं, तर पुन्हा विचार करा. तेव्हाही मुलीचा उल्लेख नको, घरातला फोटो नको, आणि तिघांपैकी कुणालाही छापण्याच्या आदल्या दिवसापर्यंत माघार घेता यायला हवी. बातमीदारानं यातली शेवटची अट नाकारली तर तिला वाईट समजू नका. तिचीही वेळेची अडचण असते. तुम्ही मात्र तिथूनच परत फिरा.

तूर्तास तिला असं लिहिता येईल: ‘तुम्ही विचारलंत याबद्दल आभार. आम्ही मुलाखत देणार नाही, नाव बदलूनही नाही. पण विषय समजून घ्यायचा असेल तर न छापण्याच्या अटीवर मी तासभर बोलू शकते. हे मान्य असेल तर तसं मेसेजवर कळवा.’ ‘आम्ही’ म्हटलंय, तेव्हा पाठवण्याआधी दोघांनाही दाखवा. नवऱ्याला तासभर बोलणंही नको असेल तर शेवटची दोन वाक्यं काढून टाका.